आधी घर, मग खबर

अमोल,

काल तुझा दहावा झाला. शहागडला गोदावरीच्या काठी पिंड ठेवले, आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो, तर कावळा जवळजवळ लगेच आला. अशा वेळी माणसं मनात वचनं तयार ठेवून असतात. कावळा शिवला नाही तर एकेकानं पुढं होऊन सांगायचं असतं की बाबा, तुझ्या घरचं आम्ही बघतो, तू काळजी करू नको. काल कोणावर तोंड उघडायची वेळच आली नाही. जिवंतपणीही तुला कशालाच उशीर खपायचा नाही. माझ्याजवळ तुला द्यायचं एक उत्तर होतं, ते तसंच मनात ठेवून मी वडीगोद्रीला परत आलो.

या दिवसांत तुझा आवाज माझ्या कानातून जात नाही. हे मी साहित्यिकासारखं बोलत नाहीये, मला तसलं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. खरोखरचा आवाज. चहाचा कप तोंडाला लावावा, गाडीला किक मारावी, की मध्येच, ‘थांबा! वेशीवरची खबर हाय!’ तुझ्या चॅनलची सुरुवात. फोनची रिंगटोनही तू तीच करून ठेवली होतीस. मी म्हणालो होतो, “अरे, स्वतःच्याच आवाजानं दचकत नाहीस का?” तू म्हणालास, “दादा, फोन कुठंबी पडला तरी लोकायला कळलं पायजे कोणाचा हाय ते.” हसत बोलला होतास.

तू चॅनल काढलंस तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून केस पांढरे करून बसलो होतो. मी सुरुवात केली तेव्हा बातमी हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि जालन्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. कंडक्टर विसरला तर आमच्या भागात त्या दिवशी काहीच घडलं नाही असं समजायचं. पुढं फॅक्स आला, ईमेल आला, पण माझ्या अंगातली ती पाकिटाची चाल काही गेली नाही. हायवेला तुझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. माझा फोन बिघडला की तू तो दुरुस्त करून द्यायचास आणि वर, “दादा, ह्याच्यात नुसतं बोलायचंबी नसतं,” असं ऐकवायचास.

मग त्या उन्हाळ्यात गावात टँकर यायचा थांबला. तू सार्वजनिक हौदात शिडी लावून उतरलास, कोरड्या तळाशी उभा राहिलास आणि तिथून लाइव्ह केलंस. दुपारपर्यंत टँकर हजर. माझी बातमी आली दोन दिवसांनी, ‘वडीगोद्रीत भीषण पाणीटंचाई’, आणि तोवर हौद काठोकाठ भरलेला. तू ती बातमी हॉटेलात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलीस आणि म्हणालास, “दादाच्या पेपरात अजून तहानच लागून राह्यली.” हॉटेल हसलं. मीही हसलो, पण त्या दिवशी घरी आल्यावर बायकोवर उगाचच खेकसलो.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. तू माझ्या बातमीला शिळी भाकर म्हणायचास. मी म्हणायचो, शिळी असली तरी भाजलेली असते, तुझी कच्चीच लोकांच्या ताटात पडते. दोघांना विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हे मला माझ्या पहिल्या संपादकांनी शिकवलं होतं आणि मी ते तुझ्या डोक्यावर मारत असे. तू म्हणायचास, “दोघाला काय विचारायचं? हजार लोक बघून राह्यले, कोणी खोटं म्हणलं का?” मी म्हणायचो, बघणारा हजार असला तरी बघणाराच, जाणणारा नव्हे. मग तू चहा मागवायचास, कारण तुला उत्तर सुचलं नाही की चहा यायचा.

आमचं काय होत होतं ते तू बघत होतास. स्टँडवर पहाटे उतरणारा पेपरचा गठ्ठा बारीक होत गेला. तालुक्याचं पान आधी अर्धं झालं, मग शेजारच्या तालुक्यात मिसळलं. तहसील कचेरीत मी पोचायच्या आधी साहेबांनी तुला कॅमेऱ्यासमोर बाइट दिलेला असायचा. ऑफिसातून फोन यायचा, तो बातमी काय हे विचारायला नव्हे, “व्हिडिओ आहे का?” असं विचारायला. मी तुझ्याकडे मागायचो, तू द्यायचास. एकदा ऑफिसनं तुझ्या व्हिडिओवरचं तुझ्या चॅनलचं नाव कापून तो स्वतःचा म्हणून लावला. तुला दिसलं, मला दिसलं. तू फक्त एवढंच म्हणालास की आजचा चहा दादाकडून. अमोल, मी तुझ्या जागी असतो तर भर चौकात बोंब मारली असती.

पण तुला खरं बदललं ते शहागडच्या त्या माउलीनं.

पुलाजवळ एक पोरगा गाडीखाली आला होता. तू तिथंच होतास. तू लाइव्ह केलंस, गाडीचा नंबर दाखवलास, नाव सांगितलंस, गाव सांगितलंस. त्याची आई पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसली होती. शेजारच्या बाईनं हातातला फोन तिच्यापुढं धरला आणि विचारलं, “हा तुमचा तर न्हाई ना?” आपण दोघं त्या पोराच्या मातीला गेलो होतो. तिनं तुला ओळखलं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. जवळ येऊन तुझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “तुला माझं घर म्हाईत न्हवतं का रे, बाबा?”

तुला माहीत होतं. त्या घरचा मोबाइल तूच दुरुस्त केला होतास.

त्यानंतर तू कितीतरी दिवस दुकानाच्या बाहेर आला नाहीस. आलास तेव्हा तुझा कायदा घेऊन आलास, आधी घर, मग खबर. अपघात असो, विहिरीत पडलेलं माणूस असो, तू आधी त्याचं घर गाठायचास आणि नंतरच फोन काढायचास. मी सांगितलं, हे पोलिसांचं काम आहे, तू कुठं नादी लागतोस. तू म्हणालास, “पोलिसाला घर हुडकायला येळ लागतो. मला बराबर म्हाईत असतं.” मी एकदा तुझ्यासोबत आलो होतो. तू गाडी लांब बंद केलीस, कारण तुझी गाडी दाराशी थांबली तर काय, हे आता पंचक्रोशीला कळलं होतं. चालत गेलास. दारातल्या म्हाताऱ्या बाबांना राम राम केलास आणि पाणी मागितलंस. पाणी आणायला ते आत वळले, आतून सून आली, दीर आला, आणि सगळे जमल्यावर तू बाबांचा हात धरून सांगितलंस. परतताना मी विचारलं, पाणी का? तू म्हणालास, “पाणी मागितलं की घरातलं आणखी कोणी भायेर येतं, दादा. मंग एकट्या माणसाला सांगावं लागत न्हाई.”

त्या दिवशी मला माझ्याच धंद्याबद्दल एक गोष्ट कळली, ती तुला कधी सांगितली नाही. मी तुला इतकी वर्षं आमच्या पेपरची सभ्यता ऐकवत होतो. आम्ही कधी कोणाच्या आईला तिचा पोरगा गेल्याचं पेपरातून कळू दिलं नाही, असं छाती काढून म्हणायचो. अरे, आम्ही सभ्य कसले, आम्ही उशिरा होतो. आमचा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा, तोवर घरात रडारड होऊन गेलेली असायची. आमच्यावर तसा प्रसंगच कधी आला नाही. तुझ्यावर आला, आणि तू त्यातून एक रीत काढलीस. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं, तू फार शेफारला असतास तरी.

तुझा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तू तेव्हाच बंद केलास, म्हणजे टाकणारा तू एकटा, बाकी सगळे वाचणारे. कोणीतरी पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा टाकली होती आणि एक बिचारा बहुरूपी मार खाता खाता वाचला. तेव्हापासून ‘वेशीवर’ ग्रुपवर जे येईल ते तुझ्या हातून. आणि मग गेल्या दिवाळीत तू मला ते विचारलंस. “दादा, पेपर सोडा म्हणत न्हाई. पण तुमी माझ्या मागं बसा. लोकायचे फोन येतात, खरं का खोटं विचारतात. तुमी खात्री करा, मी बोलतो.” मी म्हणालो, बघू. तू दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचास आणि मी दर वेळी बघूच म्हणायचो. खरं सांगू? मला आवडलं होतं. पण मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं वार्ताहराला कामावर ठेवायचं, हे पचायला मला थोडा वेळ हवा होता. मला वाटलं, वेळ आहे.

त्या दुपारी मी जेवत होतो. फोनवर व्हिडिओ आला, कोणा नात्यातल्याकडून, खाली रडके चेहरे. हायवेवर उलटलेला टेम्पो, रस्ताभर मोसंबी, ती पोत्यात भरणारी माणसं. कोण्या कारमधून जाणाऱ्या परक्या माणसानं काढलेला. मग कॅमेरा वळतो आणि तू पडलेला दिसतोस. नंतर हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की तू त्या दिवशी शूटिंग करतच नव्हतास. फोन खिशात घालून लोकांना रस्त्यावरून हटवत होतास, “मालकाची हाय रे, जाऊ द्या, बाजूला व्हा,” असं ओरडत होतास, आणि मागून गाडी आली. व्हिडिओत तू काहीच ओरडत नाहीस. पण तुझ्या खिशातून तुझा आवाज येतो. ‘थांबा! वेशीवरची खबर हाय!’ पुन्हा. आणि पुन्हा. गर्दीतलं कोणीतरी म्हणतं, “आरं, ह्यो तर वेशीवरचा अमोल.” फोन मात्र कोणी उचलत नाही.

मी हॉटेलवाल्याला फोन केला. मग चौकीतल्या हवालदाराला. आयुष्यभराची सवय. दोघांनी हो म्हटलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तिसऱ्याला विचारावं. मग एकदम तुझं घर आठवलं. चपला पायात सरकवतोय तोच टेंभुर्णीच्या गजाननचा फोन आला. ज्याला तू माझ्यापुढं कॉपीबहाद्दर म्हणायचास, तोच गजानन. रडत होता. “दादा, वहिनीला कळलं का? तवर आमच्यातलं कोणीच न्हाई टाकत. समद्यायला सांगितलंय म्या.” अमोल, तालुक्यातालुक्यातली तुझी ती चॅनलवाली पोरं, एकमेकांच्या आधी टाकायला मरणारी, त्या दुपारी हातात तो व्हिडिओ असून गप्प बसली. आमच्या ऑफिसातून फोन आला तो मात्र चेहरा दिसतो ती क्लिप पाठवा म्हणून. मी फोन कापला आणि गाडीला किक मारली.

तुझ्या गल्लीत बाया दारोदार उभ्या होत्या. हातात फोन. माझ्याकडे बघून खाली बघायच्या. सगळ्या गल्लीला कळलं होतं आणि तुझ्या दाराकडे एकही पाऊल वळलं नव्हतं. मी गाडी लांब बंद केली. हे मी ठरवून केलं नाही, हात आपोआप चावीकडे गेला.

तुझी सविता ओट्यावर होती. कानाला फोन. मला बघून म्हणाली, “या दादा. हे बघा ना, जेवायला येतो म्हणले आन कवाचा फोन उचलून न्हाई राह्यले. तुमच्याकडं आल्ते का?” ती तुलाच फोन लावत होती, म्हणून तिनं दुसरं काही उघडून बघितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की व्हिडिओत तुझा फोन वाजत होता तो कोण लावत होतं.

माझ्या घशाला खरंच कोरड पडली होती. शप्पथ, तुझी रीत माझ्या डोक्यातही नव्हती. मी म्हणालो, “सविता, जरा पाणी देते का?”

ती उठली. दोन पावलं आत गेली आणि थांबली. वळली. मग फोन कानावरून खाली आला आणि ती हळू आवाजात म्हणाली, “दादा, तुमी पाणी मागू नका.”

आणि पुन्हा, हात जोडून, “तुमी पाणी नका मागू, दादा.”

मला एक शब्दही बोलावा लागला नाही. आतून तुझी आई आली, मागून गल्लीतल्या बाया आल्या. तुझी रीत पार पडली. तिला फोनवरून कळलं नाही, माणसाकडून कळलं, एवढं मी तुला सांगू शकतो. मी तुला दिलेलं बहुतेक एवढंच.

तो व्हिडिओ मात्र काही मरत नाही. गजानन आणि सगळी पोरं दिवसभर तक्रारी करून तो काढायला लावतात. इथून काढला की तिकडून उगवतो, कधी वर गाणं लावलेलं, कधी ‘पत्रकाराचा दुर्दैवी अंत’ असं लिहिलेलं. आमच्या पेपरात तू ‘यूट्यूबर ठार’ अशा चार ओळींत संपलास, व्हिडिओत तू रोज पुन्हा पडतोस. तिनं तो अजून पाहिलेला नाही. आपण लावत असलेला फोन कुठं वाजत होता हे तिला ठाऊक नाही. एक दिवस कोणीतरी गिरणीत बसून तिच्यापुढं फोन धरेल, ही भीती घेऊन मी झोपतो आणि उठतो. तू असतास तर यावरही काही रीत काढली असतीस. मला सुचत नाही.

काल दहाव्याहून आल्यावर सवितानं मला थांबवून घेतलं. पोलिसांनी परवा तुझा फोन दिला होता, काच तडकलेली. तिनं तो चार्ज करून ठेवला होता. म्हणाली, “दादा, ग्रुपवर काहीच न्हाई गेलं. ह्यांच्याबिगर कोणाला टाकताच येत न्हाई. माणसं वाट बघून राह्यली असतील. तुमी लिवा.” मी ओट्यावर बसून फोन हातात घेतला. ग्रुपवर तुझा शेवटचा मेसेज तसाच होता, अंबडच्या आठवडी बाजारात कोणाची हरवलेली म्हैस सापडली म्हणून. त्याखाली शांतता. इतक्या दिवसांची शांतता त्या ग्रुपनं कधी पाहिली नव्हती.

मी लिहिलं. एवढी वर्षं बातम्या लिहिल्या, पण हे एक वाक्य पुन्हा पुन्हा खोडत बसलो. शेवटी साधंच लिहिलं, की आपला अमोल हायवेवर लोकांना बाजूला करताना गाडीची धडक बसून गेला. बोट पाठवायच्या बाणावर गेलं आणि तिथंच अडलं. तुझ्या नंबरावरून, तुझ्या नावाखाली, तू गेल्याची बातमी.

दारातून सविता बघत होती. माझं बोट का अडलं ते तिला कळलं असावं. म्हणाली, “घरी कळलंय, दादा. टाका.”

मी टाकलं.

मग फोन हातात थरथरला आणि तुझा आवाज घरभर ओरडला. ‘थांबा! वेशीवरची खबर हाय!’ तुझी आई चुलीपासून उठून दारात आली. मला व्हिडिओतला रस्ता दिसला, ती मोसंबी दिसली, माझा अंगठा फोन कापायला धावला. सवितानं माझा हात धरला. तिच्यासाठी तो फक्त तुझा आवाज होता. “वाजू द्या,” ती म्हणाली. आम्ही तिघं तो वाजून थांबेपर्यंत ऐकत बसलो.

तो पुन्हा वाजला तेव्हा तिनं मान हलवली आणि मी उचलला. पुण्याकडं कंपनीत कामाला असलेला आपल्याच भागातला कोणी पोरगा होता. म्हणाला, “कोण बोलतंय? खरं हाय का हे? म्या व्हिडिओ बघितल्ता, पण ग्रुपवर आलं न्हवतं, म्हणून म्या मानलंच न्हवतं.”

दिवाळीपासून तू मला जे काम देत होतास ते हेच. मी सांगितलं, “खरं आहे. मी खात्री केलीय.” फोन ठेवला, तर लगेच पुढचा वाजायला लागला.